एनजीओमध्ये 'कम्युनिकेशन'चं करिअर म्हणजे नेमकं काय?



बारावीच्या निकालानंतर आमच्या चारकोपमधल्या एक पालक ताई भेटल्या. म्हणाल्या, "सर, मुलगी म्हणते एनजीओत कम्युनिकेशनचं काम करणार. तिथे पगार तरी देतात का? ती तर समाजसेवा ना?" प्रश्न रास्त आहे. आपण शिक्षकही करिअर मार्गदर्शनात या क्षेत्राचं नाव सहसा घेत नाही.

पगार मिळतो. मोठ्या कंपनीपेक्षा बहुधा कमी, पण मिळतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यामुळे केलेलं काम नीट मांडणारी माणसं संस्थांना लागतात. वार्षिक अहवाल, देणगीचं आवाहन, फिल्म, सोशल मीडिया हे सगळं त्यांच्याकडे असतं. अनुभव वाढला की संस्थेची ओळख, म्हणजे ब्रँड, सांभाळायची जबाबदारी येते.

ब्रँड म्हणजे फक्त लोगो नव्हे. मुंबईचंच उदाहरण बघा. १९७९ साली रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी अवघ्या ५० रुपयांवर 'क्राय' सुरू केली. रिपन विमानात पर्सर होते. क्रायची शुभेच्छापत्रं तुमच्यापैकी अनेकांनी विकत घेतली असतील. नाव होतं 'चाइल्ड रिलीफ अँड यू'. पुढे ते 'चाइल्ड राइट्स अँड यू' झालं. क्राय तसंच राहिलं, एकच शब्द बदलला. पण 'रिलीफ'मध्ये मूल मदत घेणारं आहे, 'राइट्स'मध्ये ते हक्कदार आहे. एकदा असं नाव घेतलं की जाहिरातीतला फोटोही त्याला शोभेल असाच निवडावा लागतो.

हे मला का महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या वर्गात दप्तरं वाटली. महिन्याभराने त्यांच्या पत्रकावर आमच्याच एका मुलीचा फोटो, खाली लिहिलेलं, 'हिला दोन वेळचं जेवण मिळत नाही.' तिचे वडील रिक्षा चालवतात, रोज डबा घेऊन येणारी मुलगी! ती आठ दिवस शाळेत आली नाही. पत्रक लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण त्याने ना तिला विचारलं, ना घरच्यांना.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावीनंतर मुंबई विद्यापीठाचा मास कम्युनिकेशनचा पदवी अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर देवनारच्या 'टिस'मध्ये समाजकार्य किंवा माध्यमांचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषांत नेमकं लिहिता आलं तर फार फायदा होतो. (मराठी माध्यमाच्या मुलांनी इथे मुळीच बिचकू नये.)

त्या ताईंना मी एवढंच सुचवलं की सुट्टीत मुलीला जवळच्या एखाद्या संस्थेत पाठवा. तिथल्या कामावर तिला अर्धं पान लिहू दे. आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांनाच ते आधी वाचून दाखवायला सांगा.