सूर्याची वाट पाहणारा वाडा

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात वर्गात माझ्या हातून एक चूक झाली. मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीचा भूगोलाचा तास होता, उत्तरायण-दक्षिणायन चाललं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमची आजी सांगते, गावच्या देवळात वर्षातून एकदाच ऊन देवाच्या पायाशी येतं." घंटा व्हायला आली होती, धडा राहिलेला. मी म्हटलं, "आजीच्या गोष्टी घरी. खाली बस." ती बसली. संध्याकाळी पोळ्या लाटताना तिचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. आणि मला एकदम न्यूग्रेंज आठवलं.

हे आहे आयर्लंडमध्ये, बॉइन नदीच्या काठी. बाहेरून पाहाल तर गवत उगवलेली मोठी गोल टेकडीच. पण ती माणसांनी रचलेली समाधी आहे, इ. स. पू. ३२०० च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी! रुंदी सुमारे ८५ मीटर, भोवती ९७ मोठमोठे दगड. आत १९ मीटर लांबीची चिंचोळी वाट आणि शेवटी एक खोली. तिथं थोड्या माणसांची हाडं मिळाली, काही जळालेली, काही न जळालेली.

केल्ट लोक तिथं आले ते फार नंतर. बांधणारे कोण हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी ठरवलं, हा देवांचा वाडा.

त्यांची कथा अशी. वाड्याचा धनी एल्कमार, त्याची बायको बोआन. म्हणजे बॉइन नदीच. तिच्यावर दाग्दा नावाच्या थोर देवाचं मन बसलं. त्यानं नवऱ्याला एका दिवसाच्या कामाला बाहेर पाठवलं आणि अशी काही माया केली, की नऊ महिने उलटले तरी एल्कमारला तो एकच दिवस वाटला. ना भूक, ना तहान, ना अंधार. तेवढ्यात बोआनला मुलगा झाला, एंगस. (देवांच्या संसारात असल्या गोष्टी चालतात हो, आपल्याकडच्या पुराणांत काय कमी आहेत?)

एंगस मोठा झाला आणि एल्कमारकडे वाडा मागायला आला. म्हणाला, "दिवस आणि रात्र मला इथं राज्य करू दे." दुसऱ्या दिवशी एल्कमार वाडा परत मागू लागला, तर हा म्हणतो, "मी 'एक' दिवस कुठं म्हटलं होतं? दिवस आणि रात्र म्हणजे सगळा काळच!" आपण नाही का म्हणत, दिवसरात्र राबते म्हणून? ते काय एका दिवसापुरतं असतं! निवाडा करायला दाग्दाच बसला होता, तेव्हा निकाल कुणाकडून लागला ते सांगायला नको.

बोआनची आणखी एक कथा आहे, ती मला जास्त लागते. एक विहीर होती, तिच्याजवळ जायला बंदी. बोआन गेली आणि तिनं उलटी प्रदक्षिणा घातली. पाण्याच्या तीन लाटा उसळल्या. पाय, हात आणि डोळा गेला. ती समुद्राकडे धावत सुटली, पाणी मागोमाग आलं. तीच ही नदी.

आता खरी गंमत ऐका. समाधीचं दार हजारो वर्षं ढासळलेल्या मातीदगडांखाली बुजलेलं होतं. १६९९ मध्ये तिथले जमीनदार दगड काढू लागले तेव्हा ते सापडलं. पुढं १९६२ पासून प्राध्यापक मायकल ओ'केली यांनी उत्खनन केलं. त्यांच्या पत्नी क्लेअर यांनी दगडांवरची चक्राकार नक्षी एकेक करून उतरवून घेतली. (नवऱ्यांच्या नावावर जाणाऱ्या कामात बायकांचे हात किती असतात, ते तुम्हा-आम्हाला ठाऊकच आहे.) गावातली माणसं त्यांना सांगत, की वर्षात कधीतरी उगवतं ऊन आतल्या दगडापर्यंत पोचतं. ओ'केलींना वाटलं, इंग्लंडमधल्या स्टोनहेंजची गोष्ट हे इथं लावताहेत. पण दारावर एक चौकोनी झरोका निघाला होता. आणि दाराचं तोंड आग्नेयेला, हिवाळ्यातल्या सूर्योदयाच्या दिशेला.

२१ डिसेंबर १९६७ ला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, ते पहाटे एकटेच आत जाऊन बसले. सूर्य वर आला आणि झरोक्यातून एक बारीक तिरीप वाटेवरून सरकत थेट शेवटच्या खोलीत आली. ती १७ मिनिटं राहते. त्या सुमारास चार-पाच दिवस हा प्रकार चालतो, कारण सूर्य जणू एकाच जागी उगवतो. दाग्दानं दिवस थांबवला म्हणतात तो हाच की काय, असं मला आपलं वाटतं! आता आत जायला चिठ्ठ्या टाकून नंबर लावतात.

आपण नाही का कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला दाटी करत? मग त्या मुलीच्या आजीनं काय घोडं मारलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी तिला फळ्याजवळ बोलावलं. म्हटलं, "आजीला विचारून ये, कुठला महिना, आणि ऊन कुठल्या दारातून येतं?" सोमवारी तिनं वहीचं पान आणलं. वर आजीनं सांगितलेली तिथी, खाली देवळाचा नकाशा, त्यात दार पूर्वेला. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, "आजी म्हणते, बाईंना घेऊन ये."