२,४०० मीटरांनी घडवलेला घोडा

फेब्रुवारीतला पहिला रविवार आला की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बीची गर्दी लोटते. १९४३ पासूनची ही मानाची शर्यत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते आणि तिचे अंतर आहे २,४०० मीटर. ना दोन हजार, ना तीन हजार. हा आकडा आला इंग्लंडमधल्या एप्समहून. तिथली पहिली डर्बी १७८० मध्ये झाली, ती एका मैलाची होती. १७८४ मध्ये ती दीड मैलाची, म्हणजे सुमारे २,४०० मीटरची झाली आणि पुढे जगभरच्या डर्बींनी बहुधा हेच माप उचलले.

वेगवान घोडे होते म्हणून शर्यती सुरू झाल्या, असे आपण सहज धरून चालतो. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची कहाणी मात्र उलट्या दिशेने वाचावी लागते. माणसाने अंतर ठरवले, त्या अंतरात जिंकणाऱ्यांनाच पैदाशीसाठी ठेवले आणि पिढ्यान्पिढ्या घोड्याचे शरीर त्या अंतराच्या मागे मागे बदलत गेले.

डर्बीच्या आधीचा घोडा कसा होता? १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी, इंग्लंडमध्ये एक शिंगरू जन्माला आले. त्याचे नाव ठेवले एक्लिप्स, म्हणजे ग्रहणच. त्या काळच्या शर्यती चार-चार मैलांच्या असत आणि निकाल लागेपर्यंत घोड्यांना एकाच दिवशी अशा दोन-तीन फेऱ्याही धावाव्या लागत. एक्लिप्स पाच वर्षांचा झाल्यावर मैदानात उतरला, १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. त्याचा खापरपणजोबा डार्ली अरेबियन सीरियातल्या अलेप्पोहून १७०४ मध्ये इंग्लंडला आणलेला. आजच्या सुमारे ९५ टक्के थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ या एकाच अरबी घोड्यापाशी पोचते. १७९१ मध्ये वंशावळीची अधिकृत वही छापली गेली. पुढे नियम असा पक्का झाला की वहीत नोंद असलेल्या घोडा-घोडीचे शिंगरू तेवढेच थरोब्रेड.

पुढे शर्यती आखूड झाल्या आणि घोडे तिसऱ्या वर्षीच धावू लागले. हा बदल जनुकांत उमटलेला आता दिसतो. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन नावाचे एक जनुक आहे. डब्लिनच्या एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की थरोब्रेडमध्ये या जनुकाची ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन रूपे आढळतात. आईबापांकडून दोन्ही ‘सी’ आले तर घोडा लवकर भरतो आणि आखूड पल्ल्यात चमकतो. दोन्ही ‘टी’ असले तर तो लांब पल्ल्याला टिकतो. एक-एक आला तर मधल्या अंतराला लागू पडतो. या संशोधकांनी मग जुन्या नामवंत घोड्यांच्या जपून ठेवलेल्या हाडादातांमधला डीएनए तपासला. त्यात लांब पल्ल्याचा ‘टी’ ठळक होता, ‘सी’ दुर्मीळ. त्यांचा निष्कर्ष असा की ‘सी’ हे रूप सुमारे ३०० वर्षांपूर्वी, बहुधा एखाद्या ब्रिटिश घोडीकडून या जातीत आले. विसाव्या शतकात वेगाला भाव आला तसे ते पसरले. १९६४ ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या नॉर्दर्न डान्सरच्या घराण्याचा त्यात मोठा वाटा आहे. नोंदवहीत त्या ब्रिटिश घोडीचे नाव ठळक नसेल, पण आज मैलाच्या शर्यतीत उसळणाऱ्या कितीतरी घोड्यांत तिचा अंश आहे.

अंतर बदलले की घोडा बदलतो, हे इतर जातींतही दिसते. अमेरिकेचा क्वार्टर हॉर्स पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या धावेसाठी जोपासला गेला. त्याचे पुठ्ठे बघताच ते कळते. अरबी घोडा हलक्या अंगाचा. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कपसारख्या शंभर मैलांच्या दौडीत त्याचेच वर्चस्व असते. आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा मराठ्यांच्या लांब मजलांसाठी निवडला गेला, म्हणून तो ठेंगणा आणि काटक.

मधल्या पल्ल्याचे शरीर कुठवर जाऊ शकते, हे ९ जून १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट स्टेक्समध्ये दिसले. सेक्रेटरिएट नावाचा घोडा दीड मैल २ मिनिटे २४ सेकंदांत धावला. ताशी ६० किलोमीटरची सरासरी त्याने शेवटपर्यंत राखली. दुसऱ्या घोड्याच्या आणि त्याच्या मध्ये ३१ घोडे एकामागे एक उभे राहिले असते. त्याची वेळ त्या शर्यतीत आजही कुणाला गाठता आलेली नाही.

अशा धावेत घोड्याच्या आत काय चालते? उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस वेळा धडधडते. चौखूर धावताना तेच २२० च्या वर जाते. प्लीहेत लाल रक्तपेशींचा मोठा साठा असतो. धाव सुरू होताच प्लीहा आवळते आणि तो साठा रक्तात उतरवते. एरवी रक्तात ४० टक्क्यांच्या आसपास असलेले लाल पेशींचे प्रमाण साठीच्या पुढे जाते, आणि त्याच प्रमाणात प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचतो. घोडा श्वास फक्त नाकाने घेतो आणि चौखूर धावताना एका ढांगेला एकच श्वास बसतो: पुढचे पाय टेकताना बाहेर, अंग हवेत असताना आत. म्हणून चांगला जॉकी ढांगेची लय मोडू देत नाही.

हृदय, प्लीहा, फुप्फुसे यांना निवडीने बळ दिले. पाय मात्र तिथेच राहिले. घोडा प्रत्येक पायाच्या एका बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीत. हाड आणि स्प्रिंगसारख्या ताणल्या जाणाऱ्या कंडरा. भरधाव असताना पुढच्या एकेका पायावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार क्षणभर येतो, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याच्या एका पायावर टनाहून अधिक. हाडात बारीक चिरा पडतात. विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात, नाही मिळाली तर एके दिवशी हाड तुटते. तीन पायांवर तो फार काळ तग धरत नाही, म्हणून असा घोडा वाचवणे अवघड असते.

२०२० च्या मेलबर्न कपमध्ये ॲंथनी व्हॅन डाइक हा एप्सम डर्बी जिंकलेला घोडा असाच गेला. त्यानंतर तिथे शर्यतीआधी घोड्यांच्या पायांचे सीटी स्कॅन सक्तीचे झाले आणि चीर दिसली तर घोडा धावत नाही. तीन शतके आपण फक्त अंतर आणि वेळ मोजत आलो. आता हाड मोजू लागलो आहोत. जिंकणारा घोडा पैदाशीला निवडताना त्याचे पाय किती वर्षे धड राहिले, हेही वंशावळीच्या वहीत उतरायला हवे. दीड मैलाचा आकडा घोड्याने मागितला नव्हता, तो आपण ठरवला. त्या आकड्यापायी मोडणारे पाय वाचवणेही आपल्याच अंगावर आहे.