दातातले ‘सिमेंट’ पिवळे का पडते?

चाकणच्या कारखान्यांत पाळी बदलली की चहा आलाच. चहामुळे दातात भरलेले पांढरे ‘सिमेंट’ पिवळे पडते, असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे.

हे सिमेंट नसून रेझिन व काचेसारखी बारीक पूड यांचे मिश्रण असते. ते मऊ असतानाच दातात भरतात आणि निळ्या दिव्याने कडक करतात. त्यातील कॅम्फरक्विनोन हा पिवळा पदार्थ निळा प्रकाश शोषतो. मग रेझिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पिवळेपणाही ओसरतो.

हा प्रकाश खोलवर पोहोचत नाही. म्हणून डॉक्टर साधारण २ मिलिमीटरचा एकेक थर भरून प्रत्येकावर सुमारे २० सेकंद दिवा धरतात. प्रकाश कमी पडला, तर पिवळा पदार्थ उरतो आणि कच्चा राहिलेला थर चहा, हळद यांचा रंग ओढून घेतो. आत मुरलेला डाग ब्रशने निघत नाही. तोंड हलवू नका, असे डॉक्टर म्हणतात ते उगीच नव्हे. दिवा बाजूला सरकला की थर कच्चा राहतो.