धुळ्याची पेठ : नगररचना, वास्तुपरंपरा आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

ऐतिहासिक स्थळदर्शन म्हटले की किल्ले, लेणी व प्राचीन मंदिरे एवढेच डोळ्यांसमोर येते. खानदेशातील शैक्षणिक सहलीही बहुधा पितळखोऱ्याची लेणी, पाटणादेवी किंवा लळिंगचा किल्ला येथेच जातात. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या तालुक्यांतील विद्यार्थी धुळ्याला जातो तो बाजारासाठी, दवाखान्यासाठी अथवा परीक्षेसाठी. ज्या गल्ल्यांतून तो जातो त्या स्वतःच इतिहासाचे एक साधन आहेत, ही जाणीव त्याला क्वचितच करून दिली जाते. धुळ्याची पेठ कशी घडली, तेथे काय पाहावे आणि तिचे जतन का अवघड आहे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेठेची घडण

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लुटालूट व दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला होता. १८०३ च्या दुष्काळात धुळे गाव जवळजवळ ओस पडले. पुढील वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. त्याबद्दल त्यांना इनाम जमिनी व हक्क मिळाले. पुढे सोनगीर व लळिंग या प्रदेशांचा कारभारही त्यांच्याकडे आला आणि त्यांनी धुळ्यास आपले ठाणे केले. 'जुने धुळे' म्हणून ओळखला जाणारा भाग या पूर्वीच्या वस्तीचे स्मरण देतो.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने कारभाराचे मुख्य ठिकाण म्हणून धुळ्याची निवड केली. १८१९ मध्ये येथे केवळ ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. एका बाजूस पांझरा नदी, दुसऱ्या बाजूस पाटाचे पाणी आणि सभोवती बागायत, असे त्या वेळच्या गावाचे स्वरूप होते. मुंबई व आग्रा यांना जोडणाऱ्या मार्गावरील हे ठिकाण व्यापारास सोयीचे होते. ब्रिग्जने सरकारी कचेऱ्या बांधण्यासाठी मंजुरी मिळविली व दूरदूरच्या ठिकाणांहून कारागीर आणविले. व्यापाऱ्यांना घरांसाठी कायमच्या बिनखंडाच्या जागा दिल्या, तसेच पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना व बाहेरून आलेल्यांनाही आगाऊ रकमा दिल्या. म्हणजे पेठेची सरळ आखणी ही केवळ सौंदर्यदृष्टीतून झाली नाही. उजाड प्रांतात माणसे परत यावीत, बाजार भरावा आणि महसूल वाढावा, या राज्यकारभाराच्या गरजेतून ती झाली.

धुळे शहराची रचना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केली, असा समज सर्वत्र आढळतो. तो तपासून घेणे आवश्यक आहे. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले. पांझरेच्या प्रवाहाखालून पाटाचे पाणी नेणारा नळाचा सायफन हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होय. त्यांचा धुळे परिसराशी असलेला संबंध खरा आहे, परंतु नव्या पेठेचा पाया त्यापूर्वी सहा दशकांहून अधिक काळ आधी घातला गेला होता.

पुढील वाढीचा वेग लोकसंख्येवरून दिसतो. १८६२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १८७२ मध्ये पांझरेच्या महापुराने घरांची व मालमत्तेची मोठी हानी केली, तरीही त्याच वर्षी १२,४८९ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये २४,७२६ झाली. कापसाचा व्यापार आणि १९०० मध्ये सुरू झालेला चाळीसगाव-धुळे लोहमार्ग यांचा या वाढीस हातभार लागला.

पेठेत काय पाहावे?

प्रथम जुने धुळे पाहून नंतर पेठेत यावे. वाकड्या वाटांची जुनी वस्ती आणि समांतर गल्ल्यांची नवी पेठ यांतील भेद त्यामुळे आपोआप लक्षात येतो. पेठेतील गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. 'गल्ली नंबर चार' असा पत्ता सांगणारा धुळेकर नकळत मूळ आखणीचीच साक्ष देत असतो. जयपूरसारख्या राजनगरीत १७२७ पासून आखीव रचना आढळते, परंतु तेथे राजवाडा हा केंद्रबिंदू होता. धुळ्यात मात्र आग्रा रोड, पाचकंदील यांसारखे बाजाराचे भाग हेच शहराचे हृदय ठरले.

दुसरी गोष्ट म्हणजे घराची ठेवण. व्यापारी घरात रस्त्यालगत दुकान, त्यामागे ओसरी व चौक आणि वर माडी, अशी विभागणी असते. खालचा मजला बाजाराचा व वरचा कुटुंबाचा, ही सांगड पेठेच्या जीवनाचा गाभा होती. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, कोरीव सज्जे व दाराची महिरप यांतून सुताराचे कौशल्य आणि घरमालकाची ऐपत दोन्ही दिसतात.

तिसरी गोष्ट म्हणजे धाबे. लाकडी कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पाणी न मुरू देणारी खारी माती, अशी ही सपाट छपराची पद्धत आहे. खानदेशच्या कडक उन्हाळ्यात मातीचा थर उष्णता अडवितो आणि रात्री झोपण्यास गच्ची मिळते. मात्र पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकावीच लागते. हे काम एक-दोन वर्षे चुकले तरी पाणी झिरपून लाकूड कुजू लागते.

या भेटीस कागदपत्रांची जोड देता येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यानंतर १९२७ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेले संशोधन मंडळ याच शहरात आहे.

जतनाचा प्रश्न

वाडा पडतो तो केवळ जुना झाला म्हणून नव्हे. वारसांची संख्या वाढते, एका घराचे अनेक हिस्से होतात आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करावा हे ठरत नाही. भाडेकरू असलेल्या घरात भाडे दुरुस्तीस पुरत नाही. धाब्याची माती टाकणारे आणि लाकडाची जुनी जोडणी जाणणारे कारागीरही दुर्मीळ होत आहेत. अशा स्थितीत काँक्रीटची इमारत बांधणे हा मालकाच्या दृष्टीने व्यवहार्य निर्णय असतो. त्याला केवळ दोष देऊन चालणार नाही.

कायद्याची दृष्टीही प्रामुख्याने एकेका स्मारकावर असते. १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे जुन्या, महत्त्वाच्या वास्तूंचा विचार करतो. पेठेतील एखादे घर स्वतंत्रपणे या कसोटीस उतरेलच असे नाही. पेठेचे मोल गल्लीची रेषा, घरांची सलग रांग आणि दुकान-माडीचा संबंध या एकत्रित रचनेत आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये विकास योजनेत ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. अहमदाबादच्या पोळांसह तेथील जुने शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. वस्ती हा एकक मानता येतो, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते. परंतु मालकास दुरुस्तीसाठी साहाय्य न देता केवळ बंधने घातली, तर जतन त्याला शिक्षेसारखे वाटेल.

समारोप

धुळ्याच्या पेठेत एकही भव्य स्मारक नसले तरी उजाड झालेला प्रांत पुन्हा कसा वसला, याची कथा तिच्या आखणीत आहे. तिचे जतन घराघराने नव्हे, तर गल्लीगल्लीने करावे लागेल. यादृष्टीने महाविद्यालयांना एक काम सहज करता येईल. इतिहास व भूगोल विभागांच्या विद्यार्थ्यांनी मालकांच्या संमतीने प्रत्येक गल्लीचा नकाशा, घरांची मोजमापे, छायाचित्रे आणि वृद्ध रहिवाशांच्या आठवणी नोंदवाव्यात. ही नोंद घर पडण्यापूर्वीच होऊ शकते. वाडा पाडल्यानंतर त्याचा नकाशा काढता येत नाही आणि दोन पिढ्यांनंतर तो कोठे होता हे सांगणारेही उरत नाहीत.