मुक्त सॉफ्टवेअर : फुकटचा माल की अटींचा माल?

उल्हासनगरच्या मालावरचा जुना विनोद सर्वांना ठाऊक आहे. वस्तूवर 'मेड इन यूएसए' छापायचे आणि कोणी विचारलेच तर सांगायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद जन्मला तेव्हा नक्कल म्हणजे पेन, अत्तराची बाटली किंवा जीन्सच्या मागच्या खिशावरचे लेबल. आज नक्कल दुकानाच्या टेबलावरच्या संगणकात बसलेली असते. हिशेबाचा प्रोग्राम, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स काढण्याचा प्रोग्राम, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करण्याचा प्रोग्राम, फर्निचरवर नक्षी कोरणाऱ्या राऊटर मशीनचा प्रोग्राम. संगणक बसवून देणारा मुलगा हे सर्व एका पेनड्राइव्हमधून उतरवून देतो आणि मालक समजतो की संगणकाबरोबर ते आलेच.

ते आलेले नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलम ६३-ब घातले गेले. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही संगणकाचा प्रोग्राम वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि किमान पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. पण आपल्या वाचकांचा वापर धंद्यासाठीच असतो, म्हणून ही सवलत त्यांच्या कामाची नाही. नक्कल विकणाऱ्यालाच नव्हे तर वापरणाऱ्यालाही कायदा धरतो, ही गोष्ट कॅम्पातल्या किंवा बदलापूरच्या किती दुकानदारांना माहीत असेल याची आम्हाला शंका आहे.

यावर उपाय म्हणून अलीकडे 'मुक्त सॉफ्टवेअर'चे नाव कानावर येते. ते ऐकून आपले व्यापारी दोन टोकांचे बोलतात. एक म्हणतो, फुकट आहे म्हणजे कच्चा माल असणार. दुसरा म्हणतो, फुकट आहे म्हणजे वाटेल ते करायला मोकळे. दोघांचेही चुकते, कारण दोघेही परवाना वाचत नाहीत.

गोष्ट एका छपाईयंत्रापासून सुरू झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला होता. त्यात कागद वारंवार अडके. तेथील प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्वतः सुधारणा केली होती, तशी याही प्रोग्राममध्ये करावी म्हणून मूळ मजकूर मागितला. तो मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता, त्याने गुप्ततेचा करार करून ठेवला होता. आपण घेतलेले यंत्र आपल्याला दुरुस्त करता येऊ नये, हे स्टॉलमन यांना पटले नाही. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा परवाना लिहिला. तोच जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची आहे.

जीपीएल काय म्हणतो ते जीन्सच्या भाषेत सांगतो, म्हणजे कॅम्प पाचच्या मंडळींना लगेच समजेल. शिवून तयार झालेली पँट म्हणजे आपण चालवतो तो प्रोग्राम, आणि कटिंग मास्टरचा फर्मा म्हणजे त्याचा सोर्स कोड. पँट उसवून फर्मा काढता येईल, प्रोग्राममधून तो तसा काढता येत नाही. साधी कंपनी पँट भाड्याने देते, फर्मा तिजोरीत ठेवते आणि कंबर ढिली झाली तरी टाचणी लावायला मनाई करते. जीपीएलवाला पँटही देतो आणि फर्माही. त्यावरून तुम्ही हव्या तितक्या पँटी कापा, माप बदला, विका, हवी ती किंमत घ्या. अट एकच. ज्याला पँट द्याल त्याला फर्माही मिळाला पाहिजे, तुम्ही केलेल्या बदलांसह आणि याच अटीवर. तुम्हाला मोकळा मिळालेला फर्मा पुढच्याला देताना कुलूप लावायचे नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, स्वतःच्या दुकानात किंवा कारखान्यात नुसता वापर करणाऱ्यावर कसलीही अट नाही. एका संगणकावर चालवा की पन्नासांवर, कोणी मोजायला येणार नाही. दुसरी, अट लागू होते ती माल पुढे देताना. हा फरक अंबरनाथच्या यंत्र बांधणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. लिनक्स सीएनसी नावाचा यंत्र चालवण्याचा प्रोग्राम आहे. त्याचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत आहे आणि तो जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. समजा एखाद्या वर्कशॉपने जुन्या मिलिंग मशीनला तो बसवून स्वतःचे काम केले, तर प्रश्नच नाही. पण तेच यंत्र तयार करून भिवंडीच्या गिऱ्हाइकाला विकले, तर सोर्स कोड सोबत द्यावा लागेल, किंवा मागितल्यास देऊ असे किमान तीन वर्षे टिकणारे लेखी वचन द्यावे लागेल. बिलासोबत एक सीडी किंवा पेनड्राइव्ह आणि एक कागद, एवढाच खर्च. तो टाळून पुढे निस्तरत बसण्यात शहाणपण नाही.

हा कागदी वाघ आहे असे कोणी समजू नये. २००४ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने साइटकॉम या कंपनीला जीपीएल न पाळता नेटवर्कची उपकरणे वाटण्यास मनाई केली. फ्रान्समध्ये ऑरेंज ही टेलिफोन कंपनी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीच्या जीपीएल प्रोग्रामवरून अडकली. खटला वर्षानुवर्षे चालला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने तिला साडेसहा लाख युरोंहून अधिक भरपाई द्यायला लावली. लहान माणसाचा परवाना मोठ्या कंपनीवर चालला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

सर्वच मुक्त परवाने इतके कडक नाहीत. बीएसडी आणि एमआयटी नावाचे परवाने म्हणतात, मूळ कर्त्याचे नाव ठेवा आणि बाकी काय करायचे ते करा, हवे तर कुलूपही लावा. उलट टोकाला एजीपीएल आहे. तो म्हणतो, प्रोग्राम पुढे विकला नाही पण त्यात बदल करून इंटरनेटवरून लोकांना वापरू दिला, तरी सोर्स कोड द्या.

छपाईवाल्यांसाठी टंकांची गोष्ट निराळी आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाने 'गार्गी' हा देवनागरी टंक जीपीएलखाली दिला. रेडहॅट कंपनीचा 'लोहित'ही २००४ मध्ये याच परवान्याखाली आला. मग वाद निघाला. जीपीएलचा टंक पत्रिकेच्या पीडीएफमध्ये जाऊन बसतो, तर ती पत्रिकाही जीपीएलच्या अटीत आली काय? गिऱ्हाइकाच्या निकाहच्या कार्डावर परवाना लागू व्हावा, असे कोणाच्याच मनात नव्हते. पण शब्दांचा अर्थ तसा काढता येत होता. म्हणून कोणी अपवादाची ओळ जोडली, आणि टंकांसाठी ओएफएल नावाचा वेगळा परवाना निघाला. २०११ मध्ये लोहितही त्यात गेला. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक, तसेच उर्दूसाठी नोटो नस्तालीक, याच परवान्याचे आहेत. त्यांत छापलेले कार्ड, फलक, पुस्तक खुशाल विका. फक्त टंक तेवढा एकटा सुटा विकायचा नाही.

आता कारागिरांच्या कामाकडे येऊ. फर्निचर बाजारात नक्षीसाठी आर्टकॅमचे नाव सर्वांच्या तोंडी होते. त्याची मालक ऑटोडेस्क कंपनी. तिने २०१८ मध्ये तो विकणेच बंद केले. पुढे कार्व्हेको या नावाने दुसऱ्या कंपनीने तोच धागा उचलला, पण ज्याने पैसे मोजून आर्टकॅम घेतला होता त्याला नव्या दुकानात नवे पैसे मोजणे आले. मालकाने दुकान बंद केले तर गिऱ्हाइकाच्या हातात काय उरते, याचे हे उदाहरण. मुक्त प्रोग्रामांत फ्रीकॅड आहे, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. मोजमापाच्या कामाला तो चांगला आहे. आर्टकॅमसारखी फुलापानांची उठावदार नक्षी त्यातून सहज निघेल असे मात्र आम्ही सांगणार नाही. एम्ब्रॉयडरीवाल्यांसाठी इंकस्केप आणि त्याला जोडलेला इंकस्टिच आहे. तो आपल्या मशीनला लागणारी डीएसटी फाइल काढून देतो. साधे नाव, लोगो, बॉर्डर यांना पुरेसा आहे. साडीच्या भरगच्च कामाला अनुभवी पंचिंगवाला आपला जुना प्रोग्रामच मागेल, आणि मग तो रीतसर विकत घ्यावा.

हिशेबाच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काम झाले आहे. मुंबईचे कृष्णकांत माने हे स्वतः दृष्टिहीन. त्यांच्या पुढाकाराने ग्नूखाता हा हिशेबाचा मुक्त प्रोग्राम उभा राहिला. दुसरा ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे रुशभ मेहता यांनी तो उभारला आणि जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला ठेवला. घरच्या फर्निचरच्या धंद्यात असताना असल्या प्रोग्रामांशी त्यांचा पहिला संबंध आला होता. तो वापरायला फुकट, पण चालवून देण्याची, शिकवण्याची आणि दुरुस्तीची फी कंपनी घेते. मुक्त सॉफ्टवेअरचा धंदा असाच चालतो. मशीन तुमचे, मिस्त्रीची मजुरी वेगळी.

मिस्त्री कोठून आणायचा, हीच खरी अडचण आहे. टॅली जाणणारा हिशेबनीस उल्हासनगरात गल्लोगल्ली मिळतो, ईआरपीनेक्स्ट जाणणारा शोधावा लागतो. परवान्यातच लिहिलेले असते की कसलीही हमी नाही. जीएसटीचा नियम बदलला, नमुना बदलला, तर वेळेवर सुधारणा कोण करून देणार, हे आधी विचारून ठेवावे लागते. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांनी आणखी एक पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असणे बंधनकारक आहे. आपण घेत असलेल्या आवृत्तीत ती आहे का, हे सीएकडून तपासून घ्यावे.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रातून येणाऱ्या बातम्या परवाने फिरवण्याच्या आहेत. जून २०२३ मध्ये रेडहॅटने आपल्या लिनक्सचा सोर्स कोड फक्त गिऱ्हाइकांपुरता केला. जीपीएलचे अक्षर मोडले नाही, कारण माल ज्याला दिला त्यालाच फर्मा देणे बंधनकारक आहे. पण तो फर्मा पुढे वाटणाऱ्याचे खाते आम्ही बंद करू शकतो, असा वेगळा करारही पुढे केला. हे परवान्याच्या हेतूला धरून आहे काय, यावर आजही भांडण आहे. आम्हाला विचाराल तर एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने महाग करणे झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने आणि मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाने बदलून प्रतिस्पर्ध्यांना वापराची बंदी घातली. त्यांचीही बाजू होती. मोठ्या क्लाउड कंपन्या आमचा माल फुकट उचलून भाड्याने देतात आणि आम्हाला काही मिळत नाही, ही त्यांची तक्रार. पण लोकांनी आधीची मुक्त प्रत घेऊन ओपनटोफू आणि वाल्की या नावांनी नवी दुकाने थाटली, आणि मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय देऊन दार पुन्हा उघडले.

हे प्रोग्राम आपल्या दुकानात कोणी वापरत नाही, मग आपला संबंध काय? संबंध असा की पुढची आवृत्ती महाग करणे मालकाच्या हातात असते, पण मुक्त परवान्याने हातात आलेली प्रत तुमच्याकडेच राहते. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर अटी पाळल्या तर परवाना परत घेता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. पेनड्राइव्हमधून आलेल्या नकलेला हे संरक्षण नाही, आणि भाड्याने घेतलेल्या प्रोग्रामलाही नाही. भाडे थकले की तुमचाच हिशेब तुमच्यासाठी बंद होऊ शकतो.

संगणकवाल्याला पुढच्या वेळी बोलावाल तेव्हा त्याच्याकडून कोणता प्रोग्राम, कोणत्या परवान्याने, हे बिलावर लिहून घ्या. विकत घेतलेला असेल तर परवान्याचा क्रमांक, मुक्त असेल तर परवान्याचे नाव. लिहून द्यायला तो कचरत असेल तर माल कसला आहे ते समजावे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबवली, त्यामुळे जुने संगणक बदलण्याचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतील. काउंटरवर नुसते बिल आणि पत्रव्यवहार होत असेल तर त्याच संगणकावर लिनक्स आणि लिबरऑफिस बसवून पाहायला हरकत नाही. मुलांना शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत आणि फुकट आहेत.

हिशेबाचा प्रोग्राम बदलायचाच असेल तर वर्षाच्या मध्ये बदलू नका. जानेवारीपासून तीन महिने जुन्या आणि नव्या दोन्हींत नोंदी करा, बाक्या जुळतात का ते पाहा, ३१ मार्चला जुने खाते बंद करून त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि १ एप्रिलपासून नव्यात सुरुवात करा.