पाणी गावचे, बाटली परगावची : तंजावरचा गोली सोडा

शीतपेयाच्या बाटलीत नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसते पाणी असते. लिटरभर पेय म्हणजे किलोभर वजन, त्यावर काचेचे ओझे आणि फुटण्याची भीती. इतके जड आणि इतके स्वस्त सामान लांबवर वाहून नेणे कुठल्याच व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून जिथे समुद्र नाही आणि माल बाहेरूनच आणावा लागतो, अशा बाजारातही पाणी स्थानिकच वापरले जाते. बाहेरून येतात ते अर्क, वायू आणि बाटली. नेपाळला समुद्रकिनारा नाही, पण कोकाकोला तिथे बाटलीबंद अवस्थेत येत नाही. 1979 साली स्थापन झालेली बॉटलर्स नेपाळ ही कंपनी तो काठमांडूतच भरते. हीच गोष्ट लहान प्रमाणात पाहायची तर तमिळनाडूतल्या तंजावर शहराचे उदाहरण घ्यावे.

तंजावर जिल्ह्याला दक्षिणेकडे समुद्रकिनारा आहे, शहराला मात्र नाही. नागपट्टिनमचे जुने बंदर शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. हे अंतर बैलगाडीने कापण्याचे दिवस 1861 साली पालटले. ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वेने नागपट्टिनमहून आत येणारा लोहमार्ग टाकला आणि बंदरातला माल थेट कावेरीच्या खोऱ्यात उतरू लागला. तंजावरच्या मराठा भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले ते 1855 साली, म्हणजे त्याआधी जेमतेम सहा वर्षे.

सोडा येण्यापूर्वी गाव तहानलेले होते असे मुळीच नाही. रामनवमीचे गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेले पानगम, आले-कढीलिंबाचे पातळ ताक म्हणजे नीरमोर, आणि नन्नारीचे सरबत ही तिथली जुनी पेये. पानगम हे नाव संस्कृत ‘पानक’ शब्दाचे, म्हणजे नात्याने आपल्या पन्ह्याचे भावंडच. नन्नारी म्हणजे आपली उपळसरी. उन्हाळ्यात रस्तोरस्ती तण्णीर पंदल, म्हणजे पाणपोया, लागतात. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठा राजांनी वाटेवर छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातले. वाटसरूला विकत नव्हे तर वाटून द्यायचे, ही तिथली रीत. बाटलीबंद पेयाने पहिल्यांदा तहानेला किंमत लावली.

ती बाटली इंग्लंडची. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली तिचे पेटंट घेतले. तिला बूच नाही, झाकण नाही. मानेत काचेची गोटी आणि तोंडाच्या आत रबराचे कडे, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. आधी बाटलीत पाक व पाणी घालतात, मग ती यंत्राच्या चौकटीत अडकवून वायूची तोटी उघडतात आणि चौकट फिरवतात. बाटली उलटी झाली की गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतला दाब तिला कड्यावर घट्ट दाबून धरतो. पिताना अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलायची. फस्सकन वायू सुटतो आणि गोटी मानेतल्या चिमट्यात जाऊन बसते. मानेला दोन खळगे मुद्दाम ठेवलेले असतात. ती बाजू खाली धरली तर गोटी तिथे अडकते, नाहीतर ती पुन्हा तोंडाशी येऊन धार बंद करते. महाराष्ट्रात हिला गोटी सोडा म्हणतात, तमिळनाडूत गोली सोडा.

19व्या शतकात या बाटल्या जहाजाने इंग्लंडहून येत. आज देशात त्या बनतात, पण तंजावरपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर, उत्तर प्रदेशातल्या सासनी या काचकामाच्या गावी. समुद्रापलीकडची बाटली देशात आली, तरी तंजावरच्या सोडावाल्याचे परावलंबन सरले नाही. पाणी कावेरीच्या खोऱ्यातले. साखरही दूरची असायला नको, कारण शहराजवळच कुरुंगुळम येथे साखर कारखाना आहे. अर्क, वायूचे सिलिंडर आणि काच मात्र बाहेरून आणावी लागते. यांत सर्वांत नाजूक काच. अर्क संपला तर नवा येतो; फुटलेली बाटली कायमची जाते. म्हणून या धंद्याचे खरे भांडवल पेयात नसून रिकाम्या बाटल्यांत आहे. सोडावाल्याची गाडी भरलेल्या पेट्या उतरवते तेव्हा रिकाम्या पेट्या मोजून घेतल्याशिवाय हलत नाही.

तमिळ बोलीत रंगीत शीतपेयाला सरळ ‘कलर’ म्हणतात. घरी पाहुणा आला की मुलाला दुकानात पिटाळायचे ते कलर आणायला. या भागात फार आवडीचा प्रकार म्हणजे पन्नीर सोडा. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. लग्नमंडपाच्या दाराशी गुलाबदाणीतून जे अंगावर शिंपडतात, तोच वास या बाटलीत असतो. परक्या बाटलीत इतका आपला वास भरणाऱ्या माणसाची कल्पकता थोर म्हणायला हवी.

मोठ्या प्रमाणावर हे काम विरुदुनगरच्या काळीमार्क कंपनीने केले. 1916 साली सुरू झालेल्या या कंपनीचे द्राक्षांच्या चवीचे बोवोंटो तमिळनाडूभर पोचले. 1977 साली कोकाकोला भारतातून गेला, 1993 साली परतला, आणि त्यानंतर प्लास्टिकच्या बाटलीने काचेला मागे रेटले. प्लास्टिक हलके, न फुटणारे. परत आणण्याची कटकट नाही. लांबच्या कारखान्याला ते सोयीचे आणि गावच्या सोडावाल्याला मारक.

2016 चा ईशान्य मोसमी पाऊस फसला. कावेरीच्या खोऱ्यातली शेते करपली आणि जानेवारी 2017 मध्ये राज्यभर दुष्काळ जाहीर झाला. त्याच महिन्यात जल्लीकट्टू या बैलांच्या खेळावरील बंदीविरुद्ध आंदोलन पेटले आणि त्यात परदेशी पेयांवर बहिष्काराची हाकही उठली. परदेशी शीतपेय कंपन्या दक्षिण तमिळनाडूतल्या तामिरबरणी नदीचे पाणी उपसतात हा राग आधीपासून होताच. तमिळनाडूतल्या व्यापारी संघटनांनी 1 मार्च 2017 पासून कोक आणि पेप्सी न विकण्याचे आवाहन केले. बोवोंटो आणि गोली सोड्याची मागणी एकाएकी वाढली. पण मागणी वाढली म्हणून काचेच्या बाटल्या रातोरात वाढत नाहीत. त्या सासनीहूनच याव्या लागतात, किंवा गिऱ्हाइकाने परत द्याव्या लागतात.

तंजावरच्या मंदिराबाहेर कुणी गोली सोडा प्यायला, तर गोटीसाठी बाटली फोडू नये. ती गाड्यावर परत ठेवावी. तिच्यात उद्या पुन्हा सोडा भरायचा असतो.