तापमानवाढ : सूर्यामुळे की माणसामुळे?



साखरेच्या कामासाठी मुंबईला जायचे म्हटले की घाट उतरून पनवेल लागतेच. मागे एकदा आमच्याबरोबर गाडीत एक ज्येष्ठ सभासद होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. नवीन पनवेलला ‘भारतीय भूचुंबकत्व संस्था’ ही पाटी पाहून त्यांनी विचारले, “इथं काय चालतं?” आम्ही सांगितले, पृथ्वीचे चुंबकत्व मोजतात आणि सूर्यावर खळबळ झाली की ते कसे हलते ते पाहतात. आबा लगेच म्हणाले, “मग ऊन वाढलंय ते सूर्यामुळं का माणसामुळं, हे त्यांनाच ठाऊक असंल. मला तर हा सूर्याचाच खेळ वाटतो. माणूस एवढासा, तो आभाळ काय तापवणार?”

आबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगातल्या शास्त्रज्ञांनीही तो स्वतःला कितीतरी वर्षे विचारला आहे. पारावर, चहाच्या टपरीवर आणि वार्षिक सभेनंतरच्या गप्पांत तो आपल्याकडेही निघतो. म्हणून या अंकात त्याचाच उलगडा करायचे आम्ही ठरवले.

कुलाब्याची सुई

पनवेलच्या या संस्थेचे मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे. ही वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. पुढे तिथे चुंबकत्वाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर मोठे वादळ झाले आणि कुलाब्याच्या नोंदीत चुंबकत्वाने एकदम मोठी बुडी मारली. युरोप-अमेरिकेत त्या वेळी तारयंत्रे बिघडली होती. सूर्याचा हात किती लांब पोहोचतो, हे आपल्या मुंबईत तेव्हाच कागदावर उतरले.

पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने सुई हलली तर ती सूर्याने हलवली की ट्रामने, हे कसे कळणार? म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. इमारतीतही लोखंड टाळले. सांगायचे एवढेच, की सूर्याचे काम कोणते आणि माणसाचे कोणते हे वेगळे काढणे शास्त्रज्ञांना नवीन नाही. तापमानवाढीच्या बाबतीतही त्यांनी तेच केले.

सूर्याची झडती

सूर्य कमी-जास्त होतो हे खरे. त्याच्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि घटतात. १९७८ पासून उपग्रह सूर्याकडून येणारी उष्णता थेट मोजत आहेत. या फेऱ्यात ती हजारात एखाद्या भागाइतकीच वरखाली होते, आणि एकूण चढती काही दिसत नाही. २००८ च्या सुमारास सुरू झालेला सूर्याचा फेरा तर नेहमीपेक्षा मंद होता. तरी पृथ्वी तापतच राहिली. चुलीतला जाळ तेवढाच आहे आणि भांडे मात्र जास्त तापते आहे, तर झाकणाकडे पाहायला नको का?

दुसरी खूण याहून पक्की आहे. सूर्य जास्त तापला असता तर हवेचे खालचे आणि वरचे थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि फार उंचावरचा थर थंड होतो आहे. थंडीत गोधडी पांघरली की आत ऊब राहते आणि बाहेर कमी जाते. इथे तसेच काहीसे चालले आहे. सूर्य तोच आहे, गोधडी जाड झाली आहे.

गोधडी कशाची?

ही गोधडी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वायूची. हा वायू उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत दाखवायला सुरुवात केली तेही १८५९ सालीच, म्हणजे कुलाब्याच्या त्या वादळाच्याच वर्षी. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणितही मांडले. तेव्हा हे खूळ काल-परवाचे नव्हे.

कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर आहेत.

यावर आबा म्हणाले, “वाढला असंल, पण तो माणसानंच सोडला कशावरून? ज्वालामुखी हायत, झाडं कुजत्यात.” शंका रास्त आहे. आणि तिचे उत्तर आपल्या उसाजवळच सापडते.

उसाची साक्ष

मधात साखरेचा पाक मिसळला तर जीभ फसते, प्रयोगशाळा फसत नाही. कार्बन हलका आणि जड असा दोन प्रकारचा असतो. बहुतेक झाडे हवेतला हलका कार्बन जास्त पसंत करतात. ऊस, मका आणि ज्वारी यांची अन्न तयार करायची रीत निराळी असल्याने त्यांच्यात जड कार्बनाचे प्रमाण थोडे जास्त राहते. उसाची ही निराळी रीत १९६५ साली हवाईच्याच ऊस संशोधकांनी जगापुढे मांडली. मधमाशी बहुतेक साध्या झाडांच्या फुलांवर जाते. म्हणून मधात जड कार्बन वाढला की उसाची भेसळ पकडली जाते.

हवेची भेसळही अशीच पकडली. दगडी कोळसा आणि खनिज तेल हे जुन्या काळच्या वनस्पती आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष, त्यामुळे त्यांच्यात हलका कार्बन जास्त. हवेतल्या जड कार्बनाचा वाटा वर्षानुवर्षे घटतो आहे, म्हणजे हलक्याची भर पडते आहे. शिवाय जिवंत झाडात थोडा किरणोत्सारी कार्बन असतो. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात तो उरलेला नसतो. हान्स झ्यूस यांनी १९५५ साली झाडांच्या वलयांत या कार्बनाचे प्रमाण उतरलेले दाखवले. नुसता पाचोळा कुजून असे झाले नसते. आणि ज्वालामुखींचा हिशेब घातला तर माणूस वर्षाला त्यांच्या निदान पन्नास-शंभर पट वायू सोडतो.

इथे आपल्या कारखान्याच्या धुराड्याचाही खुलासा करू. बगॅस जळतो तेव्हा उसाने वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेलाच कार्बन हवेत परत जातो. ही उसनवारी फिटते. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षे जमिनीत असलेली ठेव मोडून हवेत उधळणे.

शंका आणि चुका

शास्त्रज्ञ चुकत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे एक विधान २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात आले होते. ते निराधार निघाले आणि २०१० च्या जानेवारीत चूक कबूल केली गेली. पण एका मोळीचे वजन चुकले म्हणून काटाच खोटा ठरत नाही. त्याच आंतरराष्ट्रीय समितीने १९९५ मध्ये माणसाचा हात “दिसतो” इतकेच जपून म्हटले होते. २०२१ मध्ये तो निःसंशय असल्याचे सांगितले. मधल्या पंचवीस वर्षांत पुरावे साठत गेले.

प्रत्येक पुराचे खापर मात्र हवामानावर फोडू नये. पनवेलजवळ विमानतळासाठी खाडीकाठच्या जमिनीवर भराव झाला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. नदी अडली, खाजण बुजले, तर साध्या पावसातही पाणी तुंबू शकते. तो दोष वेगळा मोजला पाहिजे. पण पाऊसही बदलला आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या अभ्यासात दिसले. देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले.

आपल्याला काय त्याचे?

उसाला पक्व होताना थंड रात्री आणि कोरडी हवा लागते. थंडी हुकली की उतारा हुकतो, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत ऊस दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिला. शेंडा बुडून कुजला की ऊस उभा दिसतो पण वाढ संपलेली असते. तापत्या हवेत असे दोन्ही टोकांचे प्रसंग वाढण्याची भीती आहे, आणि कर्ज मात्र दोन्ही वेळा आपल्याच नावावर राहते.

हा बोजा मुख्यतः आपण केलेला नाही. युरोप-अमेरिकेने दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळले, त्याचा वाटा मोठा. ते हक्काने म्हणावे. पण म्हणून आपल्या बांधावरचे काम थांबत नाही. पाचट पेटवू नका. ते सरीत कुजवले तर ओल टिकते आणि जमिनीचा कस वाढतो. युरिया मोजून आणि बुजवून द्या. जादा नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड वायू वजनाला वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता अडवतो, आणि पैसाही तुमचाच वाया जातो. पाणी ठिबकने द्या. एवढ्याने जगाचा ताप उतरणार नाही, पण दुष्काळात आपला फड तगून राहील.

परतीच्या वाटेवर घाट चढताना आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे सूर्याला उगाच बदनाम केला म्हणायचा.” आम्ही म्हटले, होय आबा. त्यानंतरच्या हंगामात त्यांच्या खोडव्यात पाचट पेटले नाही. बाकीच्या सभासदांनीही यंदा तोडणीनंतर काडी ओढण्यापूर्वी एकदा विचार करावा, इतकीच विनंती.